‘मी आले’
(प्रस्तावना)

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तालुक्याच्या गावी आमचं दोन दिवसांचं महिला शिबिर होतं. शाळेचा हॉल मिळाला होता, सतरंज्या मंडपवाल्याकडून आणल्या होत्या आणि दाराशी बाक टाकून नोंदणीची वही घेऊन मी बसले होते. संध्याकाळच्या एसटीनं सात-आठ बायका उतरल्या. सगळ्यांच्या मागून एक उंच बाई आली. हिरवं सुती लुगडं, कपाळभर कुंकू, हातात कापडी पिशवी. बाकापाशी येऊन म्हणाली, “ताई, मी आले.” आवाज घोगरा, जाडसर. मी मान वर करून पाहिलं आणि हातातलं पेन थांबलं.

वहीत नाव, गाव, वय, शिक्षण एवढेच रकाने होते. स्त्री की पुरुष असा रकाना नव्हता, कारण महिला शिबिरात त्याची गरज पडेल असं आमच्या मनातही आलं नव्हतं. तिनं सांगितलं ते मी लिहून घेतलं, “जरा थांबा हं” म्हटलं आणि आत गेले. आत स्वयंपाकाच्या चुलीपाशी आम्ही पाचजणींनी कुजबुजत निर्णय घेतला. बायका बुजतील, कुणाच्या घरचे आले तर काय सांगायचं, रात्री हॉलमध्ये झोपवायचं कसं? शेवटी ठरलं की जेवायला बसवायचं, सत्रांना बसू द्यायचं, झोपायची सोय मात्र व्हरांड्यात करायची. मी बाहेर येऊन तिला तसं सांगितलं. “चालेल, ताई,” एवढंच ती म्हणाली.

सकाळी पाहिलं तर सतरंजीची चौकोनी घडी बाकावर ठेवलेली होती आणि शेजारी तांब्या घासून पालथा घातलेला होता. पहिल्या एसटीनं ती निघून गेली होती. त्या दिवशी आमच्या पहिल्या सत्राचा विषय होता परित्यक्ता स्त्रियांचे प्रश्न. घराबाहेर काढलेल्या बाईनं जायचं कुठं, यावर आम्ही दोन तास पोटतिडकीनं बोललो. त्यातला एकेक शब्द खरा होता. आणि आदल्याच रात्री आम्ही एका बाईला दाराबाहेर झोपवलं होतं. या पुस्तकाला प्रस्तावना लिहायला मी होकार दिला तो ती घडी घातलेली सतरंजी मनातून गेली नाही म्हणून.

तिच्या पहिल्या वाक्यापासूनच सुरुवात करते. मराठीत ‘मी’ला लिंग नाही, पण ‘मी’च्या मागून येणाऱ्या क्रियापदाला आहे. आले की आलो, जाते की जातो, दमले की दमलो. आपल्या भाषेत उंबरठ्यावर पाऊल ठेवतानाच माणसाला आपण कोण ते सांगावं लागतं. मुलगा म्हणून वाढवल्या गेलेल्या माझ्या एका मैत्रिणीनं मला सांगितलं होतं की शाळेत तिला ‘मी आलो’ म्हणवत नसे आणि ‘मी आले’ म्हणायची सोय नव्हती. मग तिनं भाषेतल्या आडवाटा शोधल्या. ‘मला भूक लागली’, ‘मला जायचंय’, ‘मी अभ्यास केला’. या वाक्यांत बोलणारा मुलगा की मुलगी ते कळत नाही. चौथी-पाचवीतलं लेकरू व्याकरणाच्या फटीफटींतून स्वतःला वाचवत होतं, आणि वर्गात ते कुणाच्याही लक्षात आलं नाही.

याच मराठीत कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका-पोरी बिनदिक्कत ‘मी येतो’, ‘मी करतो’ म्हणतात. त्यामुळे त्यांच्या बाईपणाबद्दल कुणाला शंका येत नाही. म्हणजे क्रियापदाचं रूप कुणी उच्चारलं तर खपतं आणि कुणी उच्चारलं तर मार बसतो, हे व्याकरण ठरवत नाही. ते ठरवणारी माणसं असतात, आणि ती ज्या हक्कानं ठरवतात त्या हक्कालाच स्त्रीवादानं पहिल्यापासून प्रश्न विचारला आहे. मला या प्रस्तावनेत एवढंच सांगायचं आहे की ट्रान्स माणसांचा प्रश्न स्त्रीवादाच्या घरी बाहेरून आलेला पाहुणा नाही, तो याच घरात जन्मलेला आहे. स्त्रीवादानं विचारलेला जुना प्रश्नच ही माणसं त्यांच्या आयुष्यातून पुन्हा विचारत आहेत.

आधी शब्द नीट करून घेऊ. जन्मवेळी मुलगा म्हणून नोंद झालेली, पण स्वतःला स्त्री म्हणून ओळखणारी ती ट्रान्स स्त्री. मुलगी म्हणून नोंद झालेला, पण स्वतःला पुरुष म्हणून ओळखणारा तो ट्रान्स पुरुष. या दोन्हींत न बसणारी माणसंही आहेत. तृतीयपंथी हा मराठीत रुळलेला शब्द या सगळ्यांसाठी वापरला जातो, पण त्यानं डोळ्यांपुढं येते ती मुख्यतः हिजडा समाजातली व्यक्ती, म्हणजे घराणं, गुरू, चेला, बधाई, मंगती अशी रीतभात असलेली जमात. यल्लम्माला सोडलेला जोगता ही आणखी वेगळी गोष्ट. आणि जन्मतःच शरीराची लिंगवैशिष्ट्यं ठरीव दोन साच्यांत न बसणारी इंटरसेक्स माणसं आणखी वेगळी. त्यांचा प्रश्न शरीराचा आहे, ओळखीचा असेलच असं नाही. ही सरमिसळ झाली की चर्चा पहिल्याच पावलाला घसरते.

आता ‘लिंगभाव’ हा शब्द घ्या. गेल्या काही दशकांत तो मराठीत रुजवला स्त्री-अभ्यासकांनी आणि कार्यकर्त्यांनी. लिंग शरीराचं, लिंगभाव समाजानं शरीरावर चढवलेला. बाळ जन्मलं की सुईण किंवा नर्स एक वाक्य उच्चारते आणि त्या वाक्यावर पुढचं सगळं आयुष्य बेतलं जातं: दूध कुणाला जास्त, शाळा कुणाला, रात्री बाहेर कोण जाणार, राग कुणी गिळायचा. स्त्री मुक्ती संघटनेनं १९८३ साली ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ हे नाटक गावोगावी नेलं, तेव्हा त्या एका वाक्यानं ठरणाऱ्या आयुष्याविरुद्धच आवाज उठवला होता. त्याच्याही शंभर वर्षं आधी, १८८२ साली, बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून विचारलं होतं की बाईच्या माथी मारलेले दोष पुरुषांत नाहीत काय? बाईपण निसर्गानं दिलेलं आणि म्हणून न बदलणारं आहे, हा दावा ज्यांनी नाकारला त्या सगळ्या या परंपरेतल्या. जन्मवेळच्या वाक्यानं आयुष्य ठरू नये, हे आपण बायकांसाठी म्हणालो. ट्रान्स माणसं तेच म्हणणं आणखी एक पाऊल पुढं नेतात.

बाई आणि ट्रान्स माणूस, दोघांच्या वैऱ्याचा चेहराही एकच आहे. मराठीत पुरुषाला सगळ्यांत झोंबणारी शिवी कोणती? ‘बायल्या’. त्याचा पाणउतारा करायचा तर काय म्हणतात? ‘हातात बांगड्या भर.’ कामचुकार अधिकाऱ्याच्या टेबलावर बांगड्यांचा आहेर ठेवायची मोर्चाची पद्धत आपल्याकडे सर्व पक्षांत आहे आणि तो आहेर द्यायला पुढं महिला आघाडीच असते. मी स्वतः अशा एका मोर्चात घोषणा दिल्या आहेत. कासाराकडे बसून हौसेनं भरलेला चुडा हातात असताना त्याच बांगडीला भ्याडपणाची खूण मानून दुसऱ्याकडे फेकताना माझा हात अडखळला नाही, याचं आज वाईट वाटतं. बाई असणं ही कमीपणाची गोष्ट आहे, ही समजूत या आहेराच्या मुळाशी आहे. मग ज्या व्यक्तीला समाज पुरुषपणाचा मान द्यायला तयार होता, ती तो मान परत करून आपणहून बांगड्या भरते तेव्हा काय होत असेल? वरचा दर्जा सोडून खालचा कुणी का मागेल, हे पुरुषसत्तेला समजत नाही आणि सहनही होत नाही. ट्रान्स स्त्रीवर उठणाऱ्या हाताला बळ मिळतं ते बाईपणाबद्दलच्या या तुच्छतेतून.

आपल्या कलापरंपरेत याच्या खुणा ठायी ठायी दिसतात. बालगंधर्वांच्या साडीची, दागिन्यांची, केसांतल्या फुलांची तऱ्हा घरंदाज बायका उचलत. रंगमंचाच्या चौकटीत पुरुषानं स्त्री होणं महाराष्ट्रानं डोक्यावर घेतलं. चौकटीबाहेर पाऊल पडलं की काय होतं ते आनंद यादवांच्या ‘नटरंग’वरून निघालेल्या चित्रपटात दिसतं: पोटासाठी आणि कलेसाठी नाच्या झालेला गुणा घरात परका होतो, गावात टिंगलीचा विषय होतो आणि शेवटी त्याच्या शरीरावरही हल्ला होतो. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या ‘जोगवा’ या चित्रपटात तायप्पावर साडी लादली जाते, त्याला ती नको असते. आमच्या शिबिराच्या दारात आलेल्या बाईला साडी हवी होती आणि जग ती ओढून घेत होतं. या दोन उलट्या कहाण्यांत हिरावली गेली ती एकच गोष्ट, आपल्या देहावर काय ल्यायचं ते ठरवण्याची मुभा. ‘माझं शरीर, माझा निर्णय’ ही मागणी स्त्रीवादाची आहे, आणि ती तायप्पालाही लागू होते, त्या बाईलाही.

बाईपणाबद्दलच्या या तुच्छतेला कायद्याचं हत्यार इंग्रजांनी दिलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. उत्तर भारतात त्यांची पोलिसांकडे नोंदणी सुरू झाली. नोंद झालेल्या व्यक्तीनं रस्त्यावर बाईच्या वेशात दिसणं किंवा नाचणं हा गुन्हा ठरला आणि त्याला शिक्षा होती दोन वर्षांपर्यंत कैद. मृत्युपत्र करण्याचा, दत्तक घेण्याचा, अज्ञान मुलाचं पालक होण्याचा अधिकारही काढून घेतला गेला. १८८४ साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढं खैराती नावाच्या व्यक्तीवरचा ‘अनैसर्गिक’ संभोगाच्या आरोपाचा खटला आला. तिच्यावर संशय घेण्याचं कारण एवढंच की ती बाईच्या वेशात गात होती. ते दोन वर्षांचं कलम वाचकानं लक्षात ठेवावं; पुढं ते पुन्हा भेटणार आहे.

इथं मला पश्चिमेतल्या भांडणाबद्दल बोललं पाहिजे, कारण आपल्याकडे फोनच्या पडद्यावरून ते भांडण तयार मालासारखं येतं. अमेरिकेत १९७९ साली जॅनिस रेमंड यांनी ट्रान्स स्त्रिया म्हणजे स्त्रियांच्या जगात घुसलेले पुरुष, अशी मांडणी करणारं पुस्तक लिहिलं. स्त्रियांनी चालवलेल्या एका संगीत कंपनीत ध्वनिमुद्रणाचं काम करणाऱ्या सँडी स्टोन त्यात लक्ष्य होत्या. पुढं त्यांनी त्याला निबंधानं उत्तर दिलं आणि त्यातून ट्रान्स-अभ्यासाची पायवाट पडली. मिशिगनच्या स्त्रियांच्या संगीत महोत्सवातून १९९१ साली एका ट्रान्स स्त्रीला बाहेर काढलं गेलं, त्यानंतर दाराबाहेर निषेधाचे तंबू पडू लागले, आणि २०१५ साली तो महोत्सव बंद झाला. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२५ मध्ये निकाल दिला की तिथल्या समता कायद्यात ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जन्मतःच्या लिंगावरून ठरेल. ज्या बायका ट्रान्स स्त्रियांना बाहेर ठेवण्याच्या बाजूनं उभ्या आहेत त्यांतल्या कित्येकींनी आयुष्यभर बलात्कारित स्त्रियांसाठी निवारे चालवले आहेत. त्यांच्या मनातली भीती खोटी म्हणून झटकणं मला अन्यायाचं वाटतं. बंद दाराआड सुरक्षित वाटणं ही चैनीची गोष्ट नाही.

पण भीती खरी असली तरी तिनं बोट कुणाकडे दाखवलं ते तपासावं लागतं. निवाऱ्यात आलेली बाई ज्याच्या मारानं आली तो बहुतेक वेळा तिच्याच घरातला, तिच्याच ओळखीचा पुरुष असतो. त्याला तिच्यापर्यंत पोचायला साडी नेसावी लागत नाही. आणि ‘खरी बाई’ कोण, हे तपासायला माणसं नेमली की त्यांचा पहिला बळी बाईच ठरते. पुदुकोट्टईची धावपटू शांती सौंदरराजन हिनं २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत आठशे मीटरमध्ये रौप्यपदक मिळवलं आणि लिंगचाचणीनंतर ते काढून घेतलं गेलं. २०१४ साली द्युती चंद हिला संघातून वगळलं गेलं. तिनं आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादात दाद मागितली आणि २०१५ साली तो नियम स्थगित करून घेतला. दोघीही मुली म्हणून जन्मल्या, मुली म्हणून वाढल्या. खेळातल्या बरोबरीचा प्रश्न अवघड आहे आणि तो खेळाप्रमाणे, पुराव्यानं सोडवावा लागेल. पण बाईपणाचा दाखला मागणारी खिडकी उघडली की त्या रांगेत आपण सगळ्याच उभ्या असतो. उंच मुलगी, सपाट छातीची मुलगी, मिशीची लव असलेली मुलगी, मूल न झालेली बाई. या रांगेचा अनुभव आपल्याला नवा नाही.

भारतातली वाट वेगळी होती. आपल्या स्वायत्त स्त्री चळवळीचा एक मोठा उगम गडचिरोलीकडच्या देसाईगंज पोलीस ठाण्यात आहे. १९७२ साली तिथं मथुरा या आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला, सर्वोच्च न्यायालयानं आरोपींना सोडलं, १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं आणि देशभर बायका रस्त्यावर आल्या. १९८३ साली कायदा बदलला. त्या आंदोलनानं आपल्याला शिकवलं की कोठडीत, अधिकाराच्या छायेत, संमतीचा अर्थ बदलतो. आणि पीडितेचं चारित्र्य तपासणारा न्याय हा न्याय नसतो. आता हिजडा समाजातल्या कुणालाही पोलीस चौकीबद्दल विचारून पाहा. सिग्नलवरून उचलणं, कपडे उतरवायला लावणं, हप्ता आणि नंतर ‘तुझ्यावर कोण बलात्कार करणार?’ हा प्रश्न. मथुरेला विचारलेल्या प्रश्नाचंच हे दुसरं रूप आहे.

म्हणूनच इथल्या स्त्रीवादी आणि नागरी हक्क गटांना हा प्रश्न ओळखीचा वाटला. कर्नाटकात पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजनं २००३ साली हिजडा आणि बायकी रीतीनं वावरणाऱ्या कोती समाजावरच्या हिंसेचा अहवाल काढला. २००६ साली कोलकात्याला भरलेल्या स्वायत्त स्त्री चळवळींच्या राष्ट्रीय परिषदेत ट्रान्स स्त्रियांच्या सहभागावर बोलणं झालं. मतभेद होते, पण दार उघडण्याकडेच कल राहिला.

खरी कसोटी लागली २०१३ साली. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीनं म्हटलं होतं की बलात्काराला बळी पडणाऱ्यांत ट्रान्स व्यक्तीही असतात आणि कायद्यानं त्यांची दखल घ्यावी. सरकारच्या अध्यादेशानं मात्र पीडित आणि आरोपी दोघांनाही लिंगनिरपेक्ष करून टाकलं. स्त्री संघटनांनी विरोध केला आणि तो योग्य होता: आरोपीच्या जागी बाईला बसवलं असतं तर तक्रार करणाऱ्या प्रत्येक बाईवर उलटी तक्रार झाली असती. म्हणून मागणी अशी होती की आरोपी पुरुषच राहावा, पीडित मात्र कुणीही असू शकतं हे मान्य व्हावं. संसदेनं शेवटी जुनंच सूत्र ठेवलं आणि ट्रान्स व्यक्ती कायद्याबाहेर राहिली. पुढं २०१९ साली तृतीयपंथीयांच्या संरक्षणासाठी वेगळा कायदा आला. त्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला शिक्षा ठेवली सहा महिने ते दोन वर्षं. बाईवरच्या बलात्काराला तेव्हा किमान शिक्षा दहा वर्षांची होती. १८७१ साली साडी नेसून रस्त्यावर दिसलं तर दोन वर्षं. २०१९ साली तीच साडी कुणी फाडली तर त्याला जास्तीत जास्त दोन वर्षं. मधल्या दीडशे वर्षांत काय बदललं याचा हिशेब या दोन आकड्यांत आहे. त्यात भर म्हणजे जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुन्या दंड संहितेतल्या, ‘अनैसर्गिक’ संभोगाविषयीच्या ३७७ कलमासारखं काही उरलं नाही, आणि त्याबरोबर पुरुषावर किंवा ट्रान्स व्यक्तीवर होणाऱ्या बळजबरीच्या संभोगासाठी हाताशी असलेलं कलमही गेलं. ही भेग बुजवण्याची मागणी स्त्री चळवळीनं आपल्या पहिल्या पाच मागण्यांत घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

न्यायालयांनी मात्र काही दारं उघडली. सर्वोच्च न्यायालयानं १५ एप्रिल २०१४ रोजी राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या (नालसा) खटल्यात सांगितलं की आपलं लिंग कोणतं हे व्यक्तीनं स्वतः ओळखायचं आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. या लढ्यात ठाण्याच्या लक्ष्मी नारायण त्रिपाठी आणि मुंबईत काम करणाऱ्या गौरी सावंत यांचाही वाटा होता. निकाल दिल्लीत लागला, पण त्याचा अर्थ काय ते मला समजलं जळगाव जिल्ह्यातल्या एका गावातून.

भादली बुद्रुक. डिसेंबर २०२० मध्ये ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. अंजली पाटील या ट्रान्स स्त्रीनं स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर अर्ज भरला. अर्जात लिंग लिहिलं: स्त्री. निवडणूक अधिकाऱ्यानं अर्ज फेटाळला, कारण त्याच्या लेखी ती तृतीयपंथी होती आणि तृतीयपंथीयांसाठी जागाच नव्हती. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढं गेलं. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायालयानं नालसाचा आधार घेऊन सांगितलं की ती स्वतःला स्त्री म्हणते, तर त्या जागेवरून तिला लढू द्या. ती लढली. गावानं तिला निवडून दिलं.

ती राखीव जागा आली कुठून? महाराष्ट्रात १९९० साली पंचायतीत स्त्रियांना तीस टक्के आरक्षण मिळालं, १९९३ ला घटनादुरुस्तीनं ते देशभर गेलं, २०११ ला आपल्याकडे ते निम्म्यावर आलं. त्यामागं शेतकरी बायकांनी उभी केलेली पॅनेलं होती, नवऱ्याचा मार खाऊन ग्रामसभेला गेलेल्या बायका होत्या. त्यांनी ढकलून उघडलेल्या दारातून अंजली आत गेली. काही मैत्रिणी मला विचारतात, मग आपली जागा कमी नाही का झाली? मी त्यांना म्हणते, गावात सरपंचबाईच्या नावानं तिचा नवरा कारभार हाकतो, तिथं आपली जागा खरी जाते. जिनं आपलं बाईपण न्यायालयात जाऊन मिळवलं, ती ते दुसऱ्याच्या हाती कशाला देईल?

एक आक्षेप मला जास्त गंभीर वाटतो. साडी, टिकली, लाजणं, नटणं ही बाईपणाची लक्षणं म्हणून आपण चाळीस वर्षं नाकारली. ट्रान्स स्त्रिया तीच उराशी धरतात, म्हणजे आपलं काम मागे जात नाही का? या प्रश्नानं मलाही छळलं आहे. पण दारात उभ्या असलेल्या ट्रान्स स्त्रीकडे पुरावा मागणारे आपणच असतो. ती केस कापून, पँट-शर्ट घालून आली तर आपण तिला बाई मानणार नाही, आणि नटून आली तर जुनाट म्हणणार. जन्मानं स्त्री असलेल्या कितीजणी लग्नात नथ घालतात आणि त्याच संध्याकाळी स्त्रीवादी सभेला येतात. त्यांना आपण परीक्षेला बसवत नाही. दुसरं असं की मुलगा म्हणून वाढताना काही सवलती तिला मिळाल्या असतील, मासिक पाळीची भीती, गर्भाची काळजी तिच्या वाट्याला आली नसेल, हे खरं आहे आणि ते बोलायला हरकत नसावी. पण ज्या पोराला बायकी म्हणून शाळेच्या मुतारीत मारलं गेलं, त्याचं बालपण सवलतीचं होतं असं म्हणताना जीभ जड व्हायला हवी. बाईपणाचा अनुभव आपल्यातही एक नाही. दलित स्त्रियांनी सवर्ण स्त्रीवादाला हे फार आधी ऐकवलं आहे, आणि तेव्हाही आपण आधी दुखावलो आणि मग शिकलो.

ट्रान्स पुरुषांबद्दल आपल्याकडे फार कमी बोललं जातं, आणि स्त्रीवादाला त्यांच्याशी सगळ्यांत जवळचं नातं असायला हवं. मुंबईच्या लेबिया या गटानं २०१३ साली एक अभ्यास पुढं आणला. जन्मवेळी मुलगी म्हणून नोंद झालेल्या, पण त्या चौकटीत न मावणाऱ्या पन्नास जणांच्या त्या आयुष्यकथा. हिजडा जमातीसारखं घराणं त्यांना नाही, रस्त्यावर दिसायची सोय नाही. त्यांच्यावरची हिंसा घराच्या भिंतींआड होते: शाळा सोडवणं, केस वाढवायला लावणं, कोंडणं, धरून बांधून लग्न लावणं. मुलीवर होणाऱ्या प्रत्येक अत्याचाराची यादी त्यांच्या आयुष्यात सापडते. त्यातल्या काहींना पाळी येते, काहींना गर्भ राहतो, दवाखान्याच्या स्त्रीरोग विभागात जाताना त्यांच्या पोटात गोळा येतो. ‘पुरुष होऊन सुटला’ असं म्हणणाऱ्यांनी हे एकदा ऐकावं.

घर हा तर स्त्रीवादाचा जुना विषय. रक्ताच्या घरानं टाकलेल्या पोराला हिजडा समाजात गुरू पदरात घेते, नाव देते, जेवू घालते, पोरसवदा चेल्याच्या दुखण्याला उशाशी बसते. त्याच घराण्यात उतरंड आहे, कमाईचा हिस्सा आहे, दंड आहे, सुटू पाहणाऱ्यावर दबाव आहे. सासू-सुनेच्या घराबद्दल आपण जे बोललो, ते इथंही बोलावं लागेल, पण आतल्या माणसांच्या तोंडून, त्यांचं छप्पर न उडवता. २०१९ च्या कायद्यानं कुटुंब म्हणजे रक्त, लग्न किंवा दत्तकाचं नातं एवढंच मानलं. ज्या घरानं मारून हाकललं ते कायद्याला घर वाटलं आणि ज्यानं जगवलं ते वाटलं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी विधवांसाठी घर उघडलं आणि तिथं जन्मलेल्या यशवंताला आपला मुलगा म्हणून वाढवलं, हे ज्या महाराष्ट्राला ठाऊक आहे त्याला रक्ताबाहेरचं घर समजायला जड जाऊ नये. गौरी सावंत यांनी आई गमावलेल्या एका मुलीला आपली म्हणून वाढवलं. १८७१ च्या कायद्यानं दत्तकाचा हक्क ज्यांच्याकडून काढून घेतला होता, त्यांच्यातल्याच एकीनं हे लेकरू ओटीत घेतलं.

पुढच्या पानांत हे सगळं तुम्हाला वेगवेगळ्या आवाजांत भेटेल. काही लेख एकमेकांशी भांडतात. ते भांडण तसंच ठेवलं आहे हे मला आवडलं. विद्या बाळ यांनी १९८९ साली सुरू केलेल्या मासिकाचं नाव आहे ‘मिळून साऱ्याजणी’. ‘साऱ्याजणी’ या शब्दात कोण कोण येतं, हा प्रश्न दर पिढीला नव्यानं सोडवावा लागतो. आमच्या पिढीनं त्याचं उत्तर व्हरांड्यापर्यंतच आणलं. त्यापुढचा उंबरठा ओलांडण्यासाठी हे पुस्तक आहे.

त्या हिरव्या लुगड्यातल्या बाईचं नाव आमच्या वहीत कुठंतरी असेल. तिला आज काय सांगावं, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. क्षमा मागायला ती सापडायची नाही. पण मराठीबद्दलची एक गोष्ट मला उशिरा लक्षात आली. ‘आले-आलो’मध्ये आपण लिंग विचारतो, पण दारातल्या माणसाला उत्तर देताना आपली भाषा ते विचारत नाही. ‘ये’ म्हणताना स्त्री-पुरुष नसतं. ‘बैस’ म्हणताना नसतं. ती “ताई, मी आले” म्हणाली तेव्हा मला वही बंद करून आत जायची काहीच गरज नव्हती. उत्तर माझ्या भाषेत तयार होतं.

ये. आत ये. इथं माझ्याशेजारी बैस.